वाढते काय आणि जगते किती : मेंढीवरील संप्रेरक-उपचारांच्या मराठी मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

मेंढीपालनाविषयी मराठीत जे शास्त्रीय आणि विस्तारपर लेखन होते, त्यात 'संप्रेरकांच्या साहाय्याने मेंढीची प्रजननक्षमता वाढविणे' हा विषय आता रूढ झाला आहे. पुस्तिका, प्रशिक्षण-टिपणे, कृषी नियतकालिकांतील लेख आणि चर्चासत्रांत वाचले जाणारे निबंध यांतून हा विषय साधारण एकाच क्रमाने येतो. प्रथम देशी मेंढीला एका वेतात एकच कोकरू होते अशी खंत, मग संप्रेरकांची ओळख, मग मात्रा आणि दिवसांचे कोष्टक, आणि शेवटी उत्पन्नवाढीचा भरवसा. या क्रमातील प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर चुकीची नाही. मात्र एका पायरीवरून दुसरीवर जाताना मधले बरेच काही गृहीत धरले जाते, आणि जे गृहीत धरले जाते तेच मेंढपाळाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड तालुका आणि त्याला लागून असलेला अजिंठा डोंगररांगेचा पट्टा ही भूमी नजरेसमोर ठेवली आहे. तुलनेसाठी सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीवर केलेल्या कामाचा आधार घेतला आहे. फलटणचा मार्ग संप्रेरकाचा नसून जनुकाचा आहे. तरीही दोन्ही मार्ग मेंढीच्या बीजांडकोशातील एकाच घटनेवर काम करतात. म्हणून एकाच्या उजेडात दुसरा तपासणे शक्य होते.

एका शब्दात दडलेले चार प्रश्न

चिकित्सेचा आरंभ शब्दापासूनच करावा लागतो. 'प्रजननक्षमता' हा शब्द मराठी शास्त्रीय लेखनात किमान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मेंढी माजावर येते की नाही, ही पहिली. मेंढा लागल्यानंतर ती गाभण राहते की नाही, ही दुसरी. एका वेतात तिला किती कोकरे होतात, ही तिसरी. आणि झालेल्या कोकरांपैकी दूध तुटेपर्यंत किती जगतात, ही चौथी. इंग्रजी शास्त्रीय परिभाषेत या गोष्टींना निरनिराळे शब्द आहेत. मराठीत अनुवाद होताना ते सारे एका भारदस्त संस्कृत सामासिक शब्दात विरघळून गेले. परिणामी पहिल्या गोष्टीत झालेली वाढ वाचकाला चौथ्या गोष्टीतील वाढ वाटू लागते.

याउलट वाड्यावरची भाषा पाहावी. तेथे मेंढी माजावर येते, फळते, गाभण राहते, गाभडते, विते, तिला जुळे होते, कोकरू लुचते किंवा मेंढी त्याला लुचू देत नाही. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र क्रियापद आहे, आणि प्रत्येक क्रियापदापाशी काही जनावरे गळतात हे त्या भाषेला ठाऊक आहे. 'फळली' म्हणजे 'व्याली' नव्हे आणि 'व्याली' म्हणजे 'कोकरू हाती आले' नव्हे, याची जाण या शब्दसंपत्तीतच आहे. शास्त्रीय मराठीने ही तयार परिभाषा ग्राम्य म्हणून बाजूला सारली आणि तिच्या जागी जो शब्द स्वीकारला, तो अधिक सभ्य असला तरी कमी नेमका आहे. ही केवळ भाषिक तक्रार नाही. कोणत्या उपचाराला यशस्वी म्हणायचे हे या शब्दावरून ठरते.

संप्रेरक नेमके काय करते

मेंढीचे ऋतुचक्र सुमारे सतरा दिवसांचे असते. बीजमोचनानंतर बीजांडकोशावर जो पीतपिंड तयार होतो, त्यातून प्रोजेस्टेरोन स्रवते. हे प्रोजेस्टेरोन रक्तात असेपर्यंत पुढचा माज येत नाही. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरोन उतरते आणि मेंढी पुन्हा माजावर येते. संप्रेरक-उपचाराची मूळ कल्पना एवढीच, की हा उतार मनुष्याने आपल्या सोयीच्या दिवशी घडवून आणावा. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातील टी. जे. रॉबिन्सन यांनी १९६० च्या दशकात प्रोजेस्टेरोनसदृश द्रव्याने भिजविलेला स्पंज योनिमार्गात ठेवण्याची पद्धत विकसित केली. स्पंज बारा ते चौदा दिवस ठेवून काढला म्हणजे बहुतेक मेंढ्या पुढील दोन-तीन दिवसांत एकदम माजावर येतात. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने असा देशी बनावटीचा स्पंज 'अविकेसिल-एस' या नावाने तयार केला आहे.

येथे थांबून पाहिले पाहिजे. स्पंज माजाची वेळ ठरवितो. तो कोकरांची संख्या वाढवीत नाही. जी मेंढी आपल्या क्रमाने सतरा दिवसांच्या आत माजावर येणारच होती, तिला ठरावीक दिवशी माजावर आणले, एवढाच त्याचा अर्थ. संख्या वाढविण्यासाठी दुसरे द्रव्य लागते. कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट यांनी १९३० साली गाभण घोडीच्या रक्तद्रवात बीजांडकोशाला चेतविणारे संप्रेरक असल्याचे दाखविले. पीएमएसजी या आद्याक्षरांनी ते पशुवैद्यकांत ओळखले जाते. स्पंज काढताना याची साधारण तीनशे ते पाचशे आंतरराष्ट्रीय एकके टोचली की बीजांडकोशात अधिक पुटके पक्व होतात आणि एकाऐवजी दोन किंवा अधिक बीजे सुटू शकतात.

'शकतात' हे क्रियापद येथे मुद्दाम वापरले आहे. या द्रव्याला मिळणारा प्रतिसाद मेंढीगणिक फार बदलतो. एकीला काहीच फरक पडत नाही, दुसरीला जुळे होते, तिसरीच्या पोटात तीन-चार गर्भ राहतात व त्यांतील बरेच अशक्त जन्मतात. मेंढीचे वजन, त्या पंधरवड्यातील आहार, वय, पूर्वीचे वेत यांवर हे अवलंबून असते. शिवाय हे दुसऱ्या प्राणिजातीचे प्रथिन असल्याने वारंवार टोचल्यास शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढील वेळी परिणाम घटतो. म्हणजे ज्या मेंढीकडून दरवर्षी जुळ्याची अपेक्षा, तिच्याच बाबतीत हा उपाय दरवर्षी थोडा बोथट होत जातो.

तिसरे द्रव्य प्रोस्टाग्लँडिन. ते पीतपिंड विरघळविते. स्पंजाच्या मानाने ते सोपे, म्हणून विस्तार-टिपणांत त्याची शिफारस सहज केली जाते. मात्र गर्भारपणाच्या पहिल्या दीड-पावणेदोन महिन्यांत मेंढीचा गर्भ त्याच पीतपिंडाच्या प्रोजेस्टेरोनवर टिकून असतो. ज्या कळपात मेंढा बाराही महिने मेंढ्यांबरोबर हिंडतो, तेथे कोणत्याही दिवशी काही मेंढ्या नुकत्याच फळलेल्या असणारच. गर्भतपासणीवाचून अशा कळपाला सरसकट प्रोस्टाग्लँडिन टोचणे म्हणजे प्रजननक्षमता वाढविण्याच्या नावाखाली मेंढ्या गाभडविणे होय. संशोधन-केंद्राच्या प्रक्षेत्रावर मेंढे वेगळे बांधलेले असतात, नोंदवह्या असतात, सोनोग्राफीचे यंत्र असते. तेथे निर्धोक असलेले कोष्टक जसेच्या तसे वाड्यावर नेण्यात ही जोखीम आहे, आणि ती टिपणात ठळकपणे छापली जायला हवी.

अक्षांशाचा आणि मेंढ्याचा प्रश्न

संप्रेरक-तंत्राचा जन्म ज्या प्रदेशांत झाला तेथील अडचण वेगळी होती. समशीतोष्ण कटिबंधातील मेंढी दिवस लहान होऊ लागले की माजावर येते आणि उरलेले महिने मुळीच येत नाही. पन्नास अक्षांशावर उन्हाळ्यातील व हिवाळ्यातील दिवसांत आठ तासांच्या आसपास फरक असतो. त्या अवकाळात माज आणायचा तर संप्रेरकाखेरीज फारसा इलाज नसतो. सिल्लोड सुमारे वीस अक्षांशावर आहे. येथे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांतील फरक अडीच तासांहून अधिक नाही. दख्खनी मेंढीचा माज मुख्यतः सूर्याने नव्हे, चाऱ्याने ठरतो. पावसाळ्यात हिरवे गवत पोटात गेले की माज वाढतो, आणि सुमारे पाच महिन्यांच्या गर्भकाळानंतर हिवाळ्यात वेते येतात. म्हणजे जो अडसर दूर करण्यासाठी हे तंत्र घडले, तो अडसर येथे जवळजवळ नाहीच.

मग येथे त्याचा उपयोग काय, असे विचारल्यास 'सर्व मेंढ्या एकदम वितात, त्यामुळे व्यवस्थापन सोपे होते आणि माल एकदम विकता येतो' असे उत्तर दिले जाते. बकरी ईदच्या बाजाराचे उदाहरण विशेषकरून येते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, ऋतूवर बांधलेले वेत सरकत नाही, म्हणून माज हाती असणे लाभदायक, असा हा युक्तिवाद. तो पूर्णपणे निरर्थक नाही. पण ईदच्या बाजारात जो मेंढा किंमत खातो तो वाढलेला, भरलेला असतो. त्याच्या वयात आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाल्याने किमतीत काय पडणार? त्यासाठी अठ्ठेचाळीस तासांच्या अचूकतेचे तंत्र वापरणे म्हणजे धान्याचे पोते सोनाराच्या काट्यावर तोलणे आहे.

आता मेंढ्याचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्यातील स्थिर व स्थलांतरित मेंढपालनासाठीचा घटक वीस मेंढ्या व एक मेंढा असा आहे. नैसर्गिक क्रमाने माज विखुरलेला असतो तेव्हा वीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. रोज एखाद-दुसरीच माजावर असते. त्याच वीस मेंढ्या संप्रेरकाने दोन दिवसांत माजावर आणल्या तर एकटा मेंढा त्यांना पुरा पडत नाही. काही फळत नाहीत, आणि पुढल्या चक्रापर्यंत थांबतात. तेव्हा निदान आणखी दोन-तीन मेंढे हवेत, किंवा कृत्रिम रेतन हवे. मेंढीच्या गर्भाशयमुखाचा मार्ग अरुंद व वळ्यावळ्यांचा असल्याने गायीसारखी रेतनाची कांडी त्यातून सहज जात नाही. ताजे वीर्य वापरले तर काही साधते; गोठविलेले वीर्य तोंडाशी सोडून गर्भधारणा फार कमी होते, आणि दुर्बिणीने थेट गर्भाशयात सोडायचे तर तज्ज्ञ शल्यविद लागतो. मराठवाड्यातील पशुवैद्यक महाविद्यालये परभणी आणि उदगीर येथे आहेत. अजिंठ्याच्या पायथ्याशी उतरलेल्या वाड्यापासून हे अंतर केवळ किलोमीटरचे नाही.

एक आणखी गोष्ट, जी मराठी लेखनात जवळपास येत नाही. पीएमएसजी हे गाभण घोडीच्या रक्तातूनच मिळते. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः अर्जेंटिना व उरुग्वे येथे, त्यासाठी घोड्या पाळून त्यांचे रक्त काढले जाते. त्यांच्या हालांविषयी प्राणिरक्षक संघटनांनी आवाज उठविल्यानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये युरोपीय संसदेने या द्रव्याचे उत्पादन व आयात थांबवावी अशी मागणी ठरावाद्वारे केली. मेंढपाळाच्या तांड्यातही घोडी असते. तिच्या पाठीवर बिऱ्हाड असते आणि त्या बिऱ्हाडावर झोळीत, वाटेत जन्मलेली कोकरे. एका वाटेत किती नवजात कोकरे नेता येतील याला घोडीच्या पाठीइतकी मर्यादा असते, आणि ही मर्यादा कोणत्याही मात्रा-कोष्टकात दिसत नाही.

फलटणचा धडा, आणि त्याचे चुकीचे वाचन

बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची अंगाने अगदी लहान मेंढी आहे. तिला दोन-तीन कोकरे होणे नित्याचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९२-९३ च्या सुमारास, बंगालमधून काही मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या. पुढे दीडशे वर्षांनी न्यू साऊथ वेल्समधील बूरूला नावाच्या एका कुरणावरील मेरिनो मेंढ्या असाधारण प्रमाणात जुळी-तिळी देतात हे तेथील संशोधकांच्या लक्षात आले. २००१ मध्ये तीन स्वतंत्र संशोधक-गटांनी या गुणाचे मूळ सहाव्या गुणसूत्रावरील एका ग्राहक-प्रथिनाच्या जनुकात दाखवून दिले. त्या प्रथिनातील २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येते, एवढाच बदल. त्या उत्परिवर्तनाला 'फेक-बी' असे नाव आहे. गारोळमध्ये हेच उत्परिवर्तन आहे हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. बंगालमधून गेलेली वस्तू दोनशे वर्षांनी बंगालच्या मेंढीतच पुन्हा ओळखली गेली.

फलटणच्या निंबकर संस्थेने गारोळ मेंढ्या हे रहस्य उलगडण्याच्या आधीच, १९९० च्या दशकात, आणल्या होत्या. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या या संस्थेत चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली गारोळचा हा एक गुण दख्खनी मेंढीत उतरविण्याचे काम झाले. गारोळचे अंगमान लहान; म्हणून संकरानंतर पुन्हापुन्हा दख्खनीशी जोड लावून शरीर दख्खनीचे आणि जनुक गारोळचे अशी मेंढी घडवावी लागली. मेंढा वाहक आहे की नाही हे पाहून कळत नाही, रक्ताची चाचणी लागते. त्या कामी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे सहकार्य होते. ऑस्ट्रेलियन सेंटर फॉर इंटरनॅशनल ॲग्रिकल्चरल रिसर्चचे अर्थसाहाय्य होते, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात या विषयावर कार्यशाळा होऊन तिचे निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या मेंढीला 'नारी सुवर्णा' हे नाव मिळाले.

या कामाचे मराठीत जे वाचन होते ते बहुतेक 'जुळी देणारी मेंढी' या एका वाक्यात संपते. हे वाचन अपुरे आहे. फलटणच्या कामाचे खरे मोल दोन ठिकाणी आहे. पहिले, जनुकाची एकच प्रत असलेली मेंढी ध्येय म्हणून पुढे आली. दोन प्रती असल्या की तिळी-चौळी होण्याचा धोका वाढतो आणि दख्खनी मेंढीच्या कासेला ते पेलत नाही. 'अधिक' आणि 'अती' यांतील रेषा येथे ओळखली गेली. संप्रेरकाच्या मात्रेला ही रेषा ओळखता येत नाही, कारण तीच मात्रा दोन मेंढ्यांत दोन परिणाम करते. दुसरे मोल असे, की मोजणी संस्थेच्या गोठ्यापुरती राहिली नाही. धनगरांच्या कळपांत वाहक मेंढे देऊन तेथील वेतांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, आणि जन्मलेल्या कोकरांबरोबर दूध तुटेपर्यंत जगलेली कोकरेही मोजली गेली. जन्माच्या वेळचा लाभ दूध तुटण्याच्या वेळी कमी झालेला दिसला. पण तो उरलेला होता, आणि किती उरला हे सांगता आले. संप्रेरक-उपचारांवरील मराठी निबंधांत माजावर आलेल्या मेंढ्यांची टक्केवारी असते, कधी गाभण राहिलेल्यांची असते. तिसऱ्या महिन्यातील कोकरांची संख्या शोधावी लागते.

फलटणच्या बाजूनेही प्रश्न आहेत, ते झाकण्याचे कारण नाही. जनुक एकदा कळपात आले की ते चाऱ्याचे वर्ष पाहून थांबत नाही. दुष्काळातही जुळीच होतात. संप्रेरक न टोचण्याचा निर्णय त्या वर्षापुरता घेता येतो. जनुक न टोचण्याचा घेता येत नाही. या एका बाबतीत संप्रेरकाची बाजू बळकट आहे, आणि तिचे समर्थक नेमका हाच मुद्दा मांडत नाहीत, हे आश्चर्य. शिवाय वाहक मेंढ्यांचे वीर्य दूरच्या कळपांत न्यायचे तर नेमक्या वेळी माज आणणे भागच आहे. तेथे स्पंज हे साधन म्हणून योग्य जागी येते. साधन आणि साध्य यांची गल्लत झाली की मात्र तोच स्पंज 'वंध्यत्वावरील उपाय' म्हणून छापला जातो.

ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात 'फेकंडिन' नावाची लस बाजारात आली होती. ती मेंढीच्या स्वतःच्या एका संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करून बीजमोचन वाढवीत असे. कोकरे वाढत, परंतु चरण चांगले असेल तेथेच ती टिकत. लस पुढे मागे पडली. सुबत्तेच्या कुरणांवर जे टिकले नाही, ते उन्हाळ्यात पऱ्हाटीच्या वाळक्या पानावर टिकेल असे मानण्यास सबळ पुरावा हवा.

सिल्लोडच्या शिवारात

सिल्लोड तालुका कापूस, मका आणि मिरचीचा. येथे स्थानिक धनगरांचे कळप आहेत, तसेच खानदेशाकडून उतरणाऱ्या मेंढपाळांचेही वाडे पडतात. मका निघाल्यावर ताटांचे धसकट, कापसाची वेचणी संपल्यावर पऱ्हाटी, मग पडीक आणि डोंगरउतार असा चरण्याचा क्रम लागतो. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतो. वाघर लावून रात्रीची बसण होते. हिवाळी वेते नेमकी या मुबलक चाऱ्याच्या हंगामात येतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जुळून आलेला हा मेळ आहे. संप्रेरकाने वेत दोन महिने मागेपुढे करता येईल, पण मका त्याबरोबर सरकणार नाही.

मेंढीच्या कासेत एका कोकरापुरते दूध असते. जुळ्यातील दुसऱ्याला वाचवायचे तर कळपातील शेळीला लावतात. म्हणूनच मेंढ्यांच्या कळपात थोड्या शेळ्या असतात. कळपातील दुभत्या शेळ्यांची संख्या ही एका अर्थाने त्या कळपाची जुळी सांभाळण्याची कुवत असते. कोणत्याही उपचाराची शिफारस करण्यापूर्वी हा साधा आकडा विचारला जात नाही. तसेच माज येण्यापूर्वी दोन-तीन आठवडे भरड्याचा खुराक देणे किंवा महिनाभर दूर ठेवलेला मेंढा एकदम कळपात सोडणे या जुन्या उपायांनीही माज व काही प्रमाणात बीजमोचन वाढते. त्यांना सुई लागत नाही, शीतपेटी लागत नाही. विस्तार-लेखनात यांना शेवटची दोन वाक्ये मिळतात आणि स्पंजाला दोन पाने.

पशुगणना २०१९ नुसार महाराष्ट्रात सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या आहेत. त्यांतील बहुसंख्य अशा फिरत्या किंवा अर्धफिरत्या कळपांत आहेत. ज्या उपचाराला चौदा दिवसांनी त्याच मेंढीपाशी परत यावे लागते, तो उपचार चौदा दिवसांत तीन शिवारे ओलांडणाऱ्या कळपाला कसा द्यायचा, याचे उत्तर अद्याप मांडले गेलेले नाही.

या विषयात ग्रामीण महाविद्यालयाला काय करता येईल, हा प्रश्न विज्ञान शाखेपुरता नाही. प्रयोगशाळा नसली तरी मोजणी करता येते. हिवाळी वेते झाल्यावर एका वाड्यावर किती मेंढ्या फळल्या होत्या, किती व्याल्या, किती गाभडल्या, किती कोकरे लुचताना दिसतात आणि तीन महिन्यांनी किती उरली, हे पाच रकाने विद्यार्थ्यांच्या वहीत भरता येतात. रकान्यांची शीर्षके वाड्यावरच्याच शब्दांत असावीत, म्हणजे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला एकच गोष्ट अभिप्रेत राहील. पहिली फेरी पौषात करावी लागेल आणि दुसरी फाल्गुन संपण्यापूर्वी, कारण त्यानंतर पाण्याच्या शोधात कळप पांगतात आणि तीच कोकरे पुन्हा मोजायला मिळत नाहीत.